लोहाच्या गोळीसोबत सी व्हिटॅमिन घेऊ का?

रक्ताचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन कमी निघालं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, की दोन-तीन दिवसांत मला फोन येतो. "सोबत सी व्हिटॅमिनची गोळी सुरू करू ना? म्हणजे लोह नीट लागू पडेल." आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे ओळखीपाळखीतले असले प्रश्न आपसूक माझ्याकडे येतात. बरीच वर्षं मी "घ्या की, बिघडलं कुठे" म्हणून मोकळी व्हायचे. आता तसं म्हणत नाही, आणि का म्हणत नाही ते फोनवर सांगून होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितेय.

सी व्हिटॅमिनचा, म्हणजे अस्कॉर्बिक आम्लाचा, स्वभाव एका वाक्यात सांगता येतो: ते स्वतःजवळचे इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतं. त्याची बहुतेक कामं आणि काही उपद्रवही याच देऊन टाकण्यातून येतात.

आधी जेवणातलं लोह घेऊ. धान्यं, कडधान्यं, पालेभाज्या यांतलं लोह बहुतांशी फेरिक रूपात असतं, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं. आतड्याच्या पेशीवरचा वाहक मात्र फेरस लोहच आत घेतो, ज्याचे दोनच इलेक्ट्रॉन गेलेत असं. शिवाय जठरातल्या आम्लात फेरिक लोह विरघळून राहतं खरं, पण पुढे लहान आतड्यात आम्लता उतरली की त्याचा साका बनतो. त्यात धान्यांतली फायटेटं आणि चहातली टॅनिनं त्याला धरून बसतात. अशा वेळी त्याच घासाबरोबर सी व्हिटॅमिन आलं असेल, तर ते लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरस करतं आणि वर त्याला विरघळलेलंही ठेवतं. एकेका जेवणावर केलेल्या चाचण्यांमध्ये यामुळे लोहाचं शोषण दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त वाढलेलं दिसलं आहे. म्हणून वरणावर लिंबू पिळणारा माणूस रसायनशास्त्र न शिकताही बरोबर वागत असतो. फक्त दोन्ही एकाच वेळी पोटात हवीत. सकाळी प्यायलेला फळांचा रस रात्रीच्या डाळीतल्या लोहाच्या कामाला येत नाही. मांसातलं, हीममध्ये (रक्ताला लाल रंग देणाऱ्या घटकात) बांधलेलं लोह वेगळ्या वाटेने आत जातं, त्याला या मदतीची फारशी गरज नसते.

आता गोळी. तिच्या वेष्टनावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक वेळा फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट असं काहीतरी सापडेल. फेरस! जे काम सी व्हिटॅमिनने करायचं, ते कारखान्यातच झालेलं आहे. आणि गोळी रिकाम्या पोटी घेतली, तर फायटेट-टॅनिनचा अडथळाही समोर नसतो. मग सी व्हिटॅमिनने इलेक्ट्रॉन द्यायचा कुणाला?

मला हे कागदावर पटलं होतं, पण कागदावर पटलेलं शरीरात खरं ठरतंच असं नाही. 2020 मध्ये चीनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असलेले 440 प्रौढ होते. सगळ्यांना दर आठ तासांनी 100 मिलिग्रॅम लोह, आणि निम्म्यांना त्यासोबत 200 मिलिग्रॅम सी व्हिटॅमिन. दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन सी घेणाऱ्यांमध्ये सरासरी दर डेसिलिटरला 2 ग्रॅमने वाढलं, न घेणाऱ्यांमध्ये 1.84 ग्रॅमने. संशोधकांनी दोन्ही उपचार सारखेच मानले. "बिघडलं कुठे" म्हणणं मी सोडलं ते तेव्हापासून.

खरी चावी दुसरीकडेच आहे. यकृत हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक सोडतं आणि ते आतड्यातून रक्तात जाणारा लोहाचा दरवाजा लावून घेतं. लोहाची मोठी मात्रा घेतली की हेप्सिडिन वाढतं आणि साधारण दिवसभर चढलेलं राहतं. म्हणूनच काही डॉक्टर हल्ली गोळी एक दिवसाआड देतात. दरवाजाच बंद असेल तर बाहेर कितीही इलेक्ट्रॉन वाटा.

याचा अर्थ सी व्हिटॅमिन आणि लोहाचं नातं आतड्यातच संपतं असा नाही. उलट मला विचाराल तर खरी गंमत पुढे आहे. कोलॅजेन, म्हणजे त्वचा-हिरड्यांना बांधून ठेवणारं प्रथिन, घडवणाऱ्या काही विकरांच्या (एन्झाइमांच्या) गाभ्यात लोहाचा एक अणू असतो. काम करता करता तो कधीतरी फेरिक होऊन बसतो आणि विकर ठप्प होतं. सी व्हिटॅमिन इलेक्ट्रॉन देऊन त्याला पुन्हा कामाला लावतं. ते मिळालं नाही तर कच्चं कोलॅजेन तयार होतं, हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमाही उघडतात. हाच स्कर्व्ही. 1747 मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून वेगवेगळे उपाय करून पाहिले, आणि संत्री-लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. ती फळं खलाशांच्या शरीरातल्या अडकलेल्या लोहाला सोडवत होती, हे कळायला पुढे दोनशेहून जास्त वर्षं गेली.

चरबी जाळायला लागणारं कार्निटिन बनतानाही अशीच लोहाची दोन विकरं लागतात. स्कर्व्हीत हिरड्यांच्याही आधी येणारा थकवा यामुळे असावा, असं एक मत आहे. डोपामिनपासून नॉरॲड्रेनलिन (दोन्ही मज्जासंस्थेतली संदेशवाहक रसायनं) बनवणाऱ्या विकरात लोहाच्या जागी तांबं असतं, दाता मात्र तोच.

एवढ्या कामांना किती लागतं? देशोदेशीच्या शिफारशी प्रौढांसाठी दिवसाला साधारण 40 ते 110 मिलिग्रॅम सांगतात. बाजारात मात्र 500 आणि 1000 मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. एका वेळी एक ग्रॅमहून जास्त घेतलं तर निम्म्याहून कमी शोषलं जातं, आणि शोषलेल्यातलंही जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं. जाता जाता त्यातल्या काहीचं ऑक्सॅलेट होतं, आणि मुतखडे बहुधा कॅल्शियम ऑक्सॅलेटचेच असतात. स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासात (2013) सी व्हिटॅमिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट दिसलं. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, पण ज्याला आधी खडा होऊन गेलाय त्याला मी या गोळ्यांपासून लांबच राहायला सांगते.

ज्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेलं आहे, म्हणजे हिमोक्रोमॅटोसिस असलेले किंवा थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घेणारे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सी व्हिटॅमिनच्या गोळीला हातही लावू नये. मोकळं फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की पेशींना जाळणारे कण तयार होतात. ज्याची ख्याती अँटिऑक्सिडंट म्हणून, तोच दाता लोहाला पुन्हा पुन्हा फेरस करून या आगीला सरपण पुरवू शकतो.

मधुमेह असलेल्यांसाठी आणखी एक. घरी साखर मोजण्याची बरीच यंत्रं खरं तर साखरेपासून मिळालेले इलेक्ट्रॉन मोजतात. शिरेतून सी व्हिटॅमिनची मोठी मात्रा दिली असेल, तर काही यंत्रं त्याचेच इलेक्ट्रॉन साखरेचे समजतात आणि आकडा खोटाच वर दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन टोचलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. अशी सलाइन लावली असेल, तर बोटाच्या थेंबावर भिस्त न ठेवता प्रयोगशाळेतूनच साखर तपासून घ्या.