विंडोज अपडेटनंतर उबंटू उठेना?

उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) सुरू करताना आज पुन्हा तोच काळा पडदा: 'एसबॅट (SBAT) सेल्फ-चेक फेल्ड'. ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटने जुने, सदोष बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारे प्रोग्राम) बाद करणारी ही एसबॅट नोंद थेट मदरबोर्डच्या मेमरीत लिहिली. ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स) असेल तर ती लिहायची नव्हती, पण काही मशीनवर ड्युअल बूट ओळखूच आलं नाही.

डेटा शाबूत असतो, फॉरमॅट मारू नका (दुकानदार आधी तेच सुचवतो!). बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट (फक्त विश्वासू बूटलोडरच चालू देणारी सुरक्षा) बंद करा, लिनक्समध्ये शिरून टर्मिनलवर 'sudo mokutil --set-sbat-policy delete' चालवा. रीबूट करून परत लिनक्समध्येच या, शिम आणि ग्रब (लिनक्सचे बूटलोडर) अपडेट करा, मगच सिक्युअर बूट चालू.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर 48 अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा. सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ती बहुतेक वेळा मागतंच.