तुम्ही विचारलंत म्हणून: गेमच्या वहीत पुण्य कोण लिहितं?

"पण त्या गेमला कळतं कसं, तुम्ही चांगलं वागलात की वाईट ते?"

हा प्रश्न मला ऑफिसातल्या मैत्रिणींनी विचारलाय, सोसायटीतल्या दोन-तीन आयांनी विचारलाय, आणि एकदा माझ्या बाबांनी, चष्मा काढून, अगदी गंभीरपणे. मी रोल-प्लेइंग गेम खेळते. एका पात्राच्या भूमिकेत शिरायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि वाटेत निर्णय घ्यायचे: याला मारू की सोडू, खरं सांगू की लपवू, मोबदला घेऊ की राहू दे म्हणू. दिवसा मी नाशिकमध्ये लोकांचे हिशेब लिहिते. बावीस वर्षं कीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांत गेली. त्यामुळे असेल, पण हा प्रश्न मला माझ्याच कामातला वाटतो.

छोटं उत्तर असं, की गेमला काही कळत नाही. त्याच्याकडे दोनच साधनं असतात. एक म्हणजे खूण: अमुक माणसाला तुम्ही वाचवलंत, हो किंवा नाही. दुसरं म्हणजे आकडा, जो वर जातो नाही तर खाली येतो. कुठल्या कृतीला किती जमा आणि किती नावे, हे गेम लिहिणाऱ्या माणसांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. पुढे एखादा प्रसंग आला की गेम आकडा बघतो, खुणा बघतो आणि त्याप्रमाणे दार उघडतो किंवा बंद ठेवतो. मशीन न्यायनिवाडा करत नाही, ते फक्त वही चाळतं. खरा प्रश्न असतो तो वही आखणाऱ्याचा: त्याने रकाने कसे पाडले, आणि ती वही खेळणाऱ्याला दाखवली की मिटून ठेवली?

माझ्या मते ही वही सगळ्यांत सुंदर आखली गेली १९८५ साली. रिचर्ड गॅरियट या अमेरिकन माणसाचा 'अल्टिमा ४'. त्याचं उपशीर्षक 'क्वेस्ट ऑफ द अवतार', आणि हा अवतार म्हणजे आपलाच शब्द. तोवरच्या गेममध्ये शेवटी एक दुष्ट असायचा, त्याला मारलं की गोष्ट संपली. मधल्या वाटेवर तुम्ही दुकानं लुटलीत काय आणि वाटसरू मारलेत काय, कुणी विचारत नसे. गॅरियटने आधीच्या गेमच्या चाहत्यांची पत्रं वाचली आणि त्याच्या लक्षात आलं की लोक जिंकतात ते बऱ्याचदा असं वागूनच. म्हणून या गेमला त्याने शेवटचा दुष्टच ठेवला नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि विनम्रता हे आठ गुण अंगी बाणवायचे, हेच काम.

आता त्यातला एक प्रसंग सांगते, कारण मला त्याच्याइतका दुसरा कुठलाच आठवत नाही. जादूसाठी लागणारी सामग्री विकणारे दुकानदार त्या गेममध्ये आंधळे आहेत. ते किंमत सांगतात आणि तुम्ही किती नाणी देताय ते तुम्हालाच टाइप करायला लावतात. साठ झाली असतील आणि तुम्ही एक टेकवलंत, तरी ते माल देतात. कुणी ओरडत नाही. शिपाई येत नाही. पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत. पण आत कुठेतरी तुमच्या प्रामाणिकपणाचा आकडा घसरलेला असतो, आणि तो तुम्हाला दिसत नाही. राजवाड्यात हॉकविंड नावाचा एक द्रष्टा बसतो. त्याला जाऊन विचारलं तर तो एकेका गुणाबद्दल सांगतो, तेही शब्दांत. कितीतरी तासांनी तुम्हाला कळतं की वाट अडली आहे, आणि मग मागचं एकेक आठवत बसावं लागतं.

पहिल्यांदा तो आंधळा दुकानदार समोर आला तेव्हा मला लोकलमधली माणसं आठवली. मुंबईत शिकायला होते तेव्हा गाडीत पेनं आणि कार्डांची पाकिटं विकणारे अंध विक्रेते असायचे. नोट हातात घेऊन बोटांनी लांबी मापायचे. त्या दोन सेकंदांत सगळा डबा गप्प व्हायचा. त्या शांततेला गॅरियटने गेममध्ये जागा दिली, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

त्यानंतर मात्र बराच काळ गेम बनवणाऱ्यांना वही उघडी दाखवायचा सोस लागला. २००३ सालच्या 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'मध्ये उजेडाची बाजू आणि काळोखाची बाजू अशी उभी पट्टीच होती. वाईट वागत गेलं की पात्राचा चेहरा निस्तेज पडायचा. २००४ सालच्या 'फेबल'मध्ये तर डोक्याला शिंगं फुटायची. पाहायला गंमत वाटते, पण आकडा दिसायला लागला की माणूस आकड्यासाठी वागू लागतो. मार्चअखेरीला आमच्याकडे लोक येतात ना, 'कुठे देणगी दिली तर किती वजावट मिळेल' विचारत, तसं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण 'मास इफेक्ट २', सन २०१०. त्यात सौजन्याचे गुण वेगळे आणि दांडगाईचे वेगळे. ठरावीक प्रसंगी निळ्या किंवा लाल अक्षरांत एक खास वाक्य येतं, जे उच्चारलं की पेच चुटकीसरशी सुटतो. पण ते वाक्य मिळतं कुणाला? तोवर त्या बाजूचे जेवढे गुण मिळू शकत होते, त्यांतला मोठा वाटा ज्याने मिळवला त्याला. म्हणजे जो प्रत्येक वेळी थांबून विचार करतो, आज नरम तर उद्या कडक, त्याच्या दोन्ही खात्यांत थोडं थोडं पडतं आणि ऐन वेळी दोन्ही वाक्यं बंद. तुमच्या जहाजावरच्या मिरांडा आणि जॅक या दोन साथीदारणींचं कडाक्याचं भांडण होतं. तेव्हा पुरेसे गुण नसतील तर एकीची निष्ठा जाते, आणि जिची गेली ती शेवटच्या मोहिमेत मरू शकते. यातून खेळणारा काय शिकतो? सुरुवातीला एक रंग धरायचा आणि पुढे तीस-चाळीस तास समोर काय लिहिलंय ते न वाचता तोच दाबायचा. मी स्वतः तो गेम असाच खेळले. वरची ओळ दाबत गेले. त्या गेमच्या कथेवर माझं खूप प्रेम आहे, म्हणूनच याचं मला वाईट वाटतं. निर्णयाच्या नावाखाली माझ्या हातून निर्णय काढून घेतला गेला होता.

'फॉलआउट ३'मध्ये तर त्या आकड्याचं नावच कर्म. (हा गेम २००८ साली मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन भारतात आणला नाही.) अणुयुद्धानंतरचं अमेरिकेचं उजाड माळरान, त्यात मेगाटन नावाची वस्ती, आणि वस्तीच्या मधोमध न फुटलेला बॉम्ब. एक माणूस पैसे देऊ करतो: तो बॉम्ब उडवून दे. तुम्ही सगळी वस्ती राख करू शकता. कर्म अर्थातच रसातळाला जातं. पण या गेममध्ये तहानलेले भिकारीही भेटतात, आणि त्यांना शुद्ध पाण्याची एक बाटली दिली की कर्म थोडं वर येतं. पुन्हा दिली की पुन्हा वर. पुरेशा बाटल्या जमवल्या तर हिशेब जुळतो!

आमच्या धंद्यात याला समायोजन म्हणतात. येणं आणि देणं समोरासमोर ठेवायचं आणि निव्वळ शिल्लक काढायची. पैशाचं ते होतं, कारण एक रुपया दुसऱ्या रुपयासारखाच असतो. मेगाटनमधलं एक घर आणि पाण्याची बाटली यांना एका रकान्यात कुठल्या नियमाने बसवणार? माझी आजी कर्माबद्दल बोलायची तेव्हाही तिच्या बोलण्यात ही वजाबाकी नव्हती. पाप वेगळं भोगायचं, पुण्य वेगळं भोगायचं. परदेशी गेमने आपल्याकडून शब्द घेतला, पण त्यातली हीच जाणती गोष्ट मागे राहिली.

आकड्याची दुसरी अडचण जास्त खोल आहे. मी व्हाउचर बघते तेव्हा मला रक्कम दिसते आणि तारीख दिसते. देणाऱ्याच्या मनात काय होतं ते दिसत नाही. गेमलाही तुमची कृती दिसते, हेतू दिसत नाही. यावर १९९९ सालच्या 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'ने जे केलं ते मला आजही थक्क करतं. त्यात बोलताना कधीकधी एकच वाक्य दोनदा येतं. 'मी तुला मदत करीन' असं समजा. एकाच्या पुढे 'खरं' असं लिहिलेलं, दुसऱ्याच्या पुढे 'खोटं'. समोरच्या पात्राला ऐकू येणारे शब्द तेच. फरक फक्त तुम्हाला ठाऊक, आणि वहीला. स्मृती गमावलेला, मरण न येणारा एक माणूस तुम्ही असता. सुरुवातीला तो ना चांगला ना वाईट, आणि अशा वाक्यावाक्यांतून त्याचा स्वभाव घडत जातो.

मला इथे धर्मराजाची आठवण होते. नरो वा कुंजरो वा. शब्द खरे होते, अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता, पण वाक्य उच्चारलं गेलं ते द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवावं म्हणून. आणि जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. तो रथ म्हणजे सगळ्या सैन्याला दिसणारी पट्टीच होती म्हणा ना. पण ती पट्टी शब्दांवर फसली नाही, हेतू पाहून उतरली. गेम लिहिणाऱ्यांपुढचं अवघड काम तेच आहे, आणि 'टॉर्मेंट'ने त्यावर साधा उपाय काढला: मन वाचता येत नाही ना, मग खेळणाऱ्यालाच विचारू, तू हे खरं बोलतोयस का?

उरला प्रश्न सेव्हचा. बऱ्याच गेममध्ये खेळ आहे त्या जागी राखून ठेवता येतो, आणि निर्णय चुकला तर मागे येता येतं. मग पश्चात्तापाला अर्थ काय राहिला? पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने २००७ सालच्या 'द विचर'मध्ये परिणामच लांबवले. नदीकाठी एका व्यापाऱ्याच्या पेट्यांची राखण करताना रात्री बंडखोर येतात. त्यांना पेट्या नेऊ दिल्या तर तेव्हा काहीच होत नाही, उलट एक लढाई टळते. कितीतरी तासांनी, पुढच्या शहरात, तुम्हाला हवा असलेला एक माणूस त्याच बंडखोरांनी मारलेला सापडतो. मागे जायचं म्हटलं तर दोन रात्रींचा खेळ पुसावा लागतो.

टोबी फॉक्सच्या 'अंडरटेल'ने (२०१५) तर मागे जाण्यालाच वहीत धरलं. टोरिएल नावाची एक आईसारखी प्राणी तुम्हाला सांभाळते आणि बाहेर जाऊ देत नाही. तुम्ही तिला मारलंत, जीव कळवळला म्हणून मागे गेलात आणि या वेळी तिला सोडलंत, तरी दाराशी बसलेलं एक फूल म्हणतं, मला माहितीये तू काय केलं होतंस. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी घरातला दिवा लावला होता.

अलीकडच्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये (२०२३) चांगल्या-वाईटाची पट्टी नाही. सोबतची माणसं आहेत, आणि त्यांची मतं. आश्रयाला आलेल्या लोकांची वाडी तुम्ही लुटारूंसोबत जाळलीत तर विल आणि कारलाख तुमची साथ सोडतात. एवढंच. माझ्या मते हे पुरेसं आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, पुण्यात इंजिनिअरिंग करतो. गेल्या मे महिन्यात तो माझ्याकडे राहून 'विचर ३' खेळत होता. त्यात एका टेकडीवरच्या झाडाखाली एक आत्मा कोंडलेला असतो. तो म्हणतो, मला सोडव, मी दलदलीतल्या अनाथ मुलांना वाचवीन. गावकरी म्हणतात, त्याला मार, तो आमचा काळ आहे. पट्टी नाही, निळं-लाल नाही. भाच्याने पंधरा मिनिटं माउसला हात लावला नाही. मग आत्म्याला सोडलं.

मुलं वाचली. गाव उद्ध्वस्त झालं. आणि त्या मुलांना सांभाळणारी बाई, अ‍ॅना, हिच्यावर शाप उलटून ती मेली. तिचा नवरा तिथला सरदार. दारू पिऊन तिला मारणारा, आणि आता तिला परत आणण्यासाठी तळमळणारा. त्याने झाडाला गळफास लावून घेतला. भाचा तो झाडाखालचा प्रसंग बघत बसला होता, मी पोळ्या करत होते.

"मावशी, मागचा सेव्ह आहे माझ्याकडे. जाऊ का?"

"तुझा गेम आहे, बाळा."

तो गेला. दोन दिवसांचा खेळ पुसला आणि आत्म्याला मारलं. या वेळी सरदार जिवंत राहिला आणि वेड लागलेल्या बायकोला घेऊन उपचारांसाठी दूर डोंगरांकडे निघाला. आणि दलदलीतल्या झोपड्यांपाशी मुलं नव्हती. तो सगळ्या झोपड्या फिरून आला, एकदा नाही, दोनदा. मग लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

जेवताना त्याने विचारलं, "तू काय केलं होतंस?"

मी त्याच्या ताटात भात वाढला. अजून त्याला सांगितलेलं नाही.