भंडारदरा भरायच्या दिवसांत

जुलै लागला की आमच्याकडे पेपर मागच्या पानांपासून वाचला जायचा. राजकारण, खून, सोन्याचा भाव हे सगळं नंतर. आधी धरणांचे आकडे. भंडारदरा किती झालं, नवीन पाणी किती आलं, घाटघरला पाऊस किती, रतनवाडीला किती. संगमनेरच्या पूर्वेला, प्रवरेच्या पाटावर आमचं गाव. आमच्या डोक्यावर ढग नसले तरी बेहत्तर, घाटघरच्या डोक्यावर असले म्हणजे झालं, असा गावाचा सरळ हिशेब. 11,039 दशलक्ष घनफूट ही धरणाची क्षमता मला सतराच्या पाढ्याआधी पाठ झाली असावी. तो आकडा गाठला की वडील ‘भंडारदरा भरलं’ असं ज्या सुरात सांगत, तो सूर घरात कुणी परीक्षा पास झालं तरी लागत नसे. आणि हे सगळं 15 ऑगस्टच्या आत उरकायचं, असा धरणाचा आणि नगर जिल्ह्याचा जणू तोंडी करारच होता.

पण ज्या गावांच्या पावसावर आमचा ऊस पोसला, ती घरातल्या कुणीच पाहिलेली नव्हती. आवर्तन, म्हणजे धरणातून पाटाला पाणी सोडायची पाळी, सुटलं, पाटकरी येऊन सांगून गेला, चारीचं दार उघडलं, पाणी आलं. पाटाच्या माणसाला एवढा भूगोल पुरतो. मला तो बरीच वर्षं पुरला. यंदा मात्र आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत पिशवी भरली आणि वरच्या अंगाला निघाले, एकटी. सोबत मिळाली नाही असं नाही, मी ती मागितलीच नाही. बरोबर माणूस असलं की दर वळणावर ‘काय पाऊस आहे ना!’ म्हणावं लागतं, आणि पावसाचा निम्मा वेळ त्यात जातो.

एकट्या बाईला मात्र महाराष्ट्रात कुणी एकटं राहू देत नाही. धरणाजवळच्या गावाचं तिकीट मागत ‘शेंडी, एक’ म्हटल्यावर कंडक्टरने तिकीट फाडायच्या आधी माझ्या मागच्या सीटवर नजर टाकून घेतली. राजूरला पेढे घेतले, तर दुकानदाराने ‘एकट्याच?’ विचारत एक पेढा जास्त ठेवला. शेंडीला खोली देणाऱ्याने रजिस्टरमध्ये ‘सोबतची व्यक्ती’ या रकान्यापुढे पेन धरून ठेवलं ते धरूनच. शेवटी मी म्हटलं, ‘लिहा, पाऊस.’ तो हसला नाही. त्याने आडवी रेघ मारली.

संगमनेर-अकोले-राजूर या रस्त्यावर पाऊस पायरीपायरीने वाढत जातो. संगमनेरला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तेवढ्यासाठी आम्ही देव पाण्यात ठेवतो. घाटघरला काही वर्षी तो पाच हजारांच्या पुढे जातो. जिल्हा एकच. पश्चिमेचे ढग सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर चढतात, गार होतात आणि तिथेच रिते होतात. आमच्याकडे पोचतो तो नुसता वारा. अकोल्यापर्यंत मी खिडकी उघडी ठेवून बसले होते. राजूरच्या पुढे खिडकी लावली तरी मांडीवर पाणी येत होतं. कुणाची तक्रार नव्हती. शेजारच्या आजोबांनी पिशवी तेवढी वर धरली, आत बहुतेक बियाणं असावं.

रंधा धबधबा वाटेतच लागतो. कठडे, भजी, मक्याची कणसं आणि कठड्याला पाठ लावून उभी असलेली गर्दी. इतकं पाणी पडत असताना त्याच्याकडे पाठ करायची ही नवी रीत मला काही पटत नाही. पण मोबाइलच्या त्या लहान चौकटीत धबधबा मागेच हवा, त्याला इलाज नाही. बाजूला घोरपडादेवीचं देऊळ आहे. तिथे बायका धबधब्याकडे तोंड करून उभ्या होत्या. ओटी भरली, नारळ फोडला आणि त्यातल्या एकीने पाण्याकडे पाहून हात जोडले, मग घाईने भज्यांच्या रांगेत लागली. हे मला जास्त जमण्यासारखं वाटलं. मीही तसंच केलं.

धरण बघायला गेले ती जरा दबकतच. ज्याचं नाव घरात रोज निघतं अशा माणसाला पहिल्यांदा भेटताना होतं तसं. 1910 साली काम सुरू झालं आणि 1926 साली संपलं. दगडी बांधकाम, उंची 82 मीटर. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला दिलं, पण आमच्या भागात विल्सन म्हटलं तर कुणी वळूनही बघणार नाही. धरण म्हणजे भंडारदरा. काळ्या पाषाणाची ती भिंत पावसात इतकी काळी दिसते की मागच्या डोंगरातूनच निघाल्यासारखी वाटते. पायथ्याशी अंब्रेला फॉल. धरणाच्या मोरीतून सोडलेलं पाणी खालच्या गोल खडकावर पडतं आणि छत्रीसारखं पसरतं. म्हणजे हा धबधबा पाटबंधारे खात्याच्या मर्जीने चालतो, वर चक्रं फिरली तर धबधबा, नाहीतर नुसता खडक. माझ्यासारख्या पाटावरच्या बाईला हा फार ओळखीचा वाटला. दार उघडलं, पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये जागा मिळाली. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता उडदावण्याकडून घाटघरला जातो, तिथून साम्रद आणि मग रतनवाडी. या रस्त्यावरच्या धबधब्यांना पाट्या नाहीत. डोंगराच्या प्रत्येक घडीतून एकेक पांढरी धार उतरलेली, काही इतक्या उंचावरून की खाली पोचेपर्यंत त्यांचं धुकं झालेलं. ड्रायव्हरला मी दोनचारांची नावं विचारली. त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘ताई, ह्ये दिवाळीला नसत्यात. नाव कोण ठिवंल?’

घाटघरच्या कोकणकड्यावर मी बराच वेळ उभी होते आणि मला काहीही दिसलं नाही. समोर ढग, खाली ढग, रेलिंगचा ओला लोखंडी पाइप तेवढा खरा. मात्र खालून वारा असा येत होता की कड्यावरून पडू पाहणारं पाणी वर उडून पुन्हा तोंडावर बसत होतं. कड्याच्या या अंगाला पडलेला थेंब प्रवरेतून गोदावरीला आणि गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला जातो. हातभर पलीकडे पडला तर कोकणात उतरून अरबी समुद्राला. तेही आता पुरतं खरं राहिलेलं नाही. 2008 साली इथे 250 मेगावॉटचा वीजप्रकल्प सुरू झाला. विजेची मागणी वाढली की वरच्या तळ्यातलं पाणी डोंगराच्या पोटातून खालच्या, कोकणातल्या तळ्यात सोडून वीज करतात, आणि रात्री मागणी उतरली की तेच पाणी पंपाने परत घाटावर चढवतात. कोकणात जाऊन रोज मुक्कामाला परत येणारं पाणी जगात फार नसेल.

रतनवाडीला पोचले तेव्हा पाऊस जरा दमला होता. रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचं देऊळ, अंगभर कोरलेलं, शिलाहारांच्या काळातलं मानतात. शिखर धड आहे, आणि त्यावरच्या लहान लहान शिखरांच्या रांगांमधून पाणी असं ओघळत होतं की ज्याने ते घडवलं त्याने पावसाळाच डोळ्यांपुढे ठेवला असावा. झंज राजाने गोदावरीपासून भीमेपर्यंत बारा नद्यांच्या उगमांवर बारा शिवालयं बांधली, अशी कथा आहे. कुकडीवरचं कुकडेश्वर त्यातलंच, हे प्रवरेवरचं. उगमाशी देऊळ बांधायचं, ही कल्पना करणारा राजा कसा असेल कोण जाणे. पण त्याला पाण्याचा हिशेब उलट्या बाजूने, वरून खाली, ठाऊक होता हे नक्की. ज्ञानेश्वरांनी नेवाशात ज्या खांबाला टेकून निरूपण केलं असं मानतात, ते नेवासं याच नदीच्या काठचं. तिथे प्रवरा संथ आणि रुंद असते. इथे ती मी चप्पल हातात घेऊन ओलांडू शकले असते.

गाभाऱ्यात पाणी भरलं होतं. पिंड त्याखाली. पावसाळ्यात ती अशीच बुडालेली असते म्हणतात. देवाला अभिषेक करायची गरज उरत नाही. मी पायरीवर बसून त्या पाण्याकडे पाहत राहिले आणि मनात आलं ते अगदीच गैर होतं: हे आवर्तनात धरलंय का?

पुष्करणीच्या कोनाड्यांतल्या विष्णूच्या मूर्ती पाहून बाहेर आले, तर बांधाला लागूनच आवणी चालली होती. बायका अंगावर प्लॅस्टिकचे कागद गुंडाळून ओळीने वाकलेल्या, भाताची रोपं चिखलात खोवत मागे मागे सरकणाऱ्या. त्यातली एक म्हातारी कंबर सरळ करायला बांधावर आली. पहिला प्रश्न ठरलेला.

‘एकलीच आली का गं?’

मी हो म्हटलं. कुठली, ते सांगितलं. प्रवरेच्या पाटावरची.

‘मंग तुमच्याकडं उन्हाळ्याला पानी आसंल.’

असतं, म्हटलं. सुटतं आवर्तन.

‘आमच्या हिरी शिमग्याच्या पुढं आटत्यात. मंग डोक्यावर हंडं.’ तिने हे अगदी बिनरागाने सांगितलं, ओढ्याच्या आवाजावर आवाज चढवून. चारी बाजूंनी पाणी पडत होतं. इतका पाऊस कातळावरून धावत जातो, इथल्या उतारावर तो थांबत नाही. थांबतो तो धरणात, आणि धरणाचं पाणी खालच्यांचं. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं. वाचलेलं अशा वेळी फारसं कामाला येत नाही.

मी काहीतरी पुटपुटले. तिने कागद पुन्हा डोक्यावर ओढला, रोपांची मूठ उचलली, आणि चिखलात पाय टाकता टाकता म्हणाली, ‘आमचंच पानी की ते. एखादी मोळी तरी धाडीत जा उसाची!’

वाकलेल्या सगळ्या बायका हसल्या. एकीने विचारलं, रस काढून का नुसता ऊस? त्यावर त्यांच्यात बराच वेळ वाद चालला.