दोष मागाचा, सुताचा की शेताचा?

मी इचलकरंजीत ग्रे कापड तपासते. ग्रे म्हणजे मागावरून नुकतं उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कापड. टेबलावर काच, काचेखाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकत जातं आणि दोष दिसला की खडूची खूण करायची. पॉइंट द्यायची पद्धत जगभर चालते तीच आहे. दोष ३ इंचांपर्यंत असेल तर १ पॉइंट, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३, त्याहून मोठा असेल तर ४. शंभर चौरस वारांत चाळीसच्या वर पॉइंट गेले की बहुतेक गिऱ्हाइकं माल नाकारतात. मग कुणाचे तरी पैसे कापायचे असतात, आणि ते बहुधा खर्चीवाल्याचे कापले जातात.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. खर्चीवाला म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारा यंत्रमागवाला. बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला मोठा रूळ, व्यापाऱ्याचं, आडवं सूतही व्यापाऱ्याचं. याचे फक्त माग, वीज आणि कामगार. मजुरी पिकावर ठरते, म्हणजे कापडात आडवे धागे किती घातले त्यावर. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गाव या खडखडाटातच जगतंय. पण अजूनही कापडात खोट निघाली की पहिलं बोट मागाकडेच जातं, कारण कापड शेवटी त्याच्याच हातून आलेलं असतं.

मागाच्या चुका नसतात असं मी म्हणत नाही. आमच्याकडे नेहमी येणारं केंब्रिक, म्हणजे बारीक सुताचं साधं कापड, घ्या. उभं-आडवं दोन्ही सूत ६० नंबरचं, इंचात ९२ उभे धागे आणि ८८ पिका. पन्हा ४८ इंच धरला तर उभे धागे झाले चार हजार चारशेच्या वर. वहिफणीवाला हा एकेक धागा वहीच्या, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओवतो. त्यातला एक तुटला तर साध्या मागाला आपोआप थांबायची सोय बहुधा नसते, आणि एक कामगार चार, सहा, कधी आठ माग बघत असतो. त्याचं लक्ष जाईपर्यंत कापडात उभी बारीक रेघ पडलेली असते. माग बंद करून पुन्हा सुरू केला की पहिल्या चार-दोन पिका दाट किंवा विरळ बसतात, आडवी पट्टी दिसते. तुटक्या धाग्याचं टोक शेजारच्यांत गुंतलं की तिथली वीणच सुटते आणि जाळी पडते. हे दोष मागाचे. ते मी मागाच्याच नावावर लिहिते आणि माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरमामांनाही ते पटतं.

भांडण होतं ते बाकीच्यांवरून.

मध्यंतरी एका लॉटमध्ये कापडभर शंकरपाळ्यासारख्या सावल्या दिसायला लागल्या. जवळून बघितलं तर काहीच नाही, चार हात लांब उभं राहिलं की स्पष्ट. जॉबरमामांना बोलावलं. ते बघून म्हणाले, "मॅडम, माग काय दोरा जाड-बारीक करतोय व्हय? सूतच तसलं हाय."

बरोबर बोलत होते. आडवा धागा उसवून काढला आणि काळ्या पाटीवर शेजारी शेजारी गुंडाळला. सूत तपासायची ही जुनी पद्धत आहे, काळ्यावर पांढऱ्याची जाडी डोळ्याला लगेच कळते. दर साडेआठ सेंटीमीटरला एक जाड जागा येत होती. एवढं कळलं की पुढचं सोपं असतं. सूतगिरणीच्या रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, पुढचा रूळ साधारण २७ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याचा परीघ साडेआठ सेंटीमीटर. रूळ कणभर जरी वाकडा असला, तरी प्रत्येक फेऱ्याला तो सुतात तीच खोड उमटवणार. कापडाच्या पन्ह्याला साडेआठनं पूर्ण भाग जात नाही, म्हणून प्रत्येक पिकेत जाड जागा थोडी सरकते, आणि त्या सरकण्यातून शंकरपाळे तयार होतात. कापडाने गिरणीतल्या रुळाचा व्याससुद्धा सांगितला होता!

रिंगफ्रेम हे मला आजही थक्क करणारं यंत्र वाटतं. कापसाचा तंतू असतो जेमतेम २८-३० मिलिमीटर. त्यापासून ६०चं सूत काढलं तर एका किलोत शंभर किलोमीटरच्या वर लांबी भरते. (एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी, तितका सुताचा नंबर. हिशेब करून बघा.) इतके आखूड तंतू एकमेकांना धरून राहतात ते केवळ पिळामुळे, त्यात डिंक नाही की गाठ नाही. रुळांच्या जोड्या रोविंगला, म्हणजे कातायच्या आधीच्या जाड सैल वातीला, तीस-चाळीस पट ताणून बारीक करतात, खाली चाती मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेते, कड्यावर इवलासा ट्रॅव्हलर तिच्यामागे धावतो आणि धाग्याला पीळ बसतो. पीळ कमी पडला तर धागा ओढताच तंतू निसटतात, जास्त झाला तर धागा स्वतःभोवतीच वळ्या घालतो.

पण सूत सारखं येतं की नाही हे खरं तर आधीच ठरलेलं असतं, ड्रॉफ्रेमवर. कार्डिंगमधून, म्हणजे कापूस पिंजून निघालेला पेळू (तंतूंचा सैल दोर) कुठे जाड, कुठे बारीक असतो. असे सहा किंवा आठ पेळू एकत्र घालून सहा-आठ पट ताणतात, म्हणजे जाडी पुन्हा एका पेळूएवढीच राहते. एकाची जाड जागा दुसऱ्याच्या बारीक जागेवर पडते आणि सरासरी जुळते. या यंत्रात खोट असेल तर ती पुढच्या प्रत्येक ताणाबरोबर लांबत जाते. समजा कापडापर्यंत येताना ती पंचवीस मीटरला एकदा दिसू लागली. ४८ इंच पन्ह्यात पंचवीस मीटर सूत म्हणजे वीसेक पिका, म्हणजे साधारण पाव इंचाला एक पट्टा. अशा पट्ट्यांवरून मागवाल्याला बोलणी बसताना मी ऐकली आहेत. बिचाऱ्यानं तो पेळू जन्मात बघितलेला नसतो.

सायझिंगबद्दल फार लिहीत नाही. उभ्या धाग्याला फणीचं घासणं सोसायचं असतं म्हणून त्याला कांजी चढवतात. आडव्याला ती लागत नाही. कोऱ्या कापडाचा एकेक दोरा काढून त्यावर आयोडीनचा थेंब टाका. निळा पडला तर तो ताण्याचा, म्हणजे उभा.

आता गाठी. गडद रंगवलेल्या सुती कापडावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके तुम्ही पाहिले असतील. गिऱ्हाईक म्हणतं रंगारी वाईट. रंगाऱ्याचा यात काही संबंध नाही. सरकीच्या सालीवर उगवलेला कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी. सुरुवातीचे तीनेक आठवडे ती फक्त लांब होत जाते, नंतर तिच्या आत सेल्युलोजचे थर बसू लागतात. बोंड फुटलं की ती वाळते, चपटी होते, तिला आपोआप पीळ पडतात. हे थर नीट बसले नाहीत तर तंतू कच्चा राहतो. असे लुळे तंतू जिनिंगमध्ये आणि पिंजताना गोळा होऊन त्यांच्या बारीक गाठी बनतात, आणि भिंतीत सेल्युलोजच कमी असल्यामुळे त्यांना रंग फिका चढतो. कार्डिंगच्या तारा चांगल्या धारदार असतील तर बऱ्याच गाठी तिथे सुटतात. कोंबर, म्हणजे तंतू विंचरणारं यंत्र, असेल तर आणखी जातात, कारण कोंबर शंभरातले पंधरा-वीस किलो आखूड तंतू काढूनच टाकतो. त्याला नोईल म्हणतात. तेही वाया जात नाही, नोटांच्या कागदाला चालतं. कोंब्ड सूत महाग का, तर हे पंधरा-वीस किलो तुम्ही विकत घेऊन टाकून देता म्हणून.

कच्चा तंतू येतो कुठून हे मला इचलकरंजीत कुणी शिकवायची गरज नव्हती. माझं माहेर यवतमाळकडचं. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी ठेवायची, ज्याला तिकडे फरदड म्हणतात, ती आमच्याकडेही असायची. शेवटच्या वेच्यात मिळेल ते घ्यायचं. त्या बोंडांत दम नसतो, गुलाबी बोंडअळीला मात्र फरदड फार मानवते. अळीनं खाल्लेली, डागाळलेली कवडी चांगल्या कापसात मिसळली की पुढे जिनिंगपासून रंगाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या डोक्याला ताप.

एकदा पांढऱ्या कापडात निळा प्लास्टिकचा तंतू विणलेला सापडला. खताच्या पोत्याचा. पिंजताना त्याचे बारीक बारीक तुकडे होतात आणि किलोभर सुतात कुठेही निघतात. हा धुऊन जात नाही, रंगही घेत नाही. गिरण्यांमध्ये बायका बसून कापसातून केस, चिंध्या, सुतळ्या वेचतात, सेन्सरची यंत्रंही लावतात, तरी काही निसटतंच. मी फोटो काढून दादाला पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मंग कापूस काय डोक्यावर आनू? सुती पोतं कोन देते आमाले?"

"अरे, पण पोतं झटकून तरी..."

"जिनिंगवर पोतं पाहून भाव देत नाही कोनी. ओल पाहतेत. ओल आठच्या वर गेली का पैसे कापतेत, बाराच्या वर घेतच नाही. तू सांग, पोतं साफ ठेवून मले काय भेटते?"

मला उत्तर देता आलं नाही. खरेदी केंद्रावर ओलाव्याचे टक्के मोजतात, तंतूची लांबी बघतात; कापसात प्लास्टिक नाही म्हणून क्विंटलमागे चार पैसे जास्त देणारं मला कुणी माहीत नाही. शंभर किलो कापसातून रुई निघते तेहतीस-पस्तीस किलो, बाकी सरकी. रुईची १७० किलोची गाठ बांधली की कुठल्या घरचा कापूस कुठला, हे देवालाही ओळखता यायचं नाही. मालाबरोबर जबाबदारीही मिसळून जाते. पुढे प्रत्येक टप्प्यावर ती आणखी मिसळते आणि शेवटी ज्याच्याकडे कापडाचा तागा असतो त्याच्या अंगावर पडते.

म्हणून मी अहवालात एक रकाना हातानं वाढवला आहे. दोष लिहायचा, पॉइंट लिहायचे, आणि शेजारी तो कुठे जन्मला ते: माग, सायझिंग, सूत, कापूस. शक्य असेल तर उसवलेला धागा चिकटपट्टीनं लावायचा. आमचे दिवाणजी म्हणतात, हे गिऱ्हाईक वाचत नाही. गिऱ्हाइकासाठी ते नाहीच.

त्या शंकरपाळ्याच्या लॉटचं पुढे काय झालं ते सांगते. पाटीवरचं सूत आणि साडेआठ सेंटीमीटरचं माप गिरणीला पाठवलं. त्यांचा माणूस आला, त्यानं स्वतः मोजलं आणि मान्य केलं. रूळ बदलला, व्यापाऱ्याला क्रेडिट नोटही मिळाली. पण खर्चीवाल्याच्या बिलातून कट आधीच गेला होता. तो परत द्यायचा का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं: "पुढच्या बिमाला बघू." पुढचं बीम उतरून, विणून, घडी होऊन गेलं. रक्कम अजून यायची आहे.