डब्याच्या तळाशी

गेल्या आठवड्यातलं एक सॅम्पल डोक्यातून जात नाही.

रुग्णाचं वय ७१, मधुमेह, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. शुद्ध हरपली तेव्हा साखर ३४. ग्लुकोज दिलं की वर यायची, काही तासांत पुन्हा खाली. डॉक्टरांना शंका आली ती त्यातच. उशाशी पावडरीचा डबा सापडला, 'दारुहळदयुक्त, शंभर टक्के वनस्पतिजन्य'. तो आमच्या लॅबमध्ये आला.

आधी टीएलसी लावली, म्हणजे पातळ थरावर घटक वेगळे करायची साधी चाचणी. ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली बर्बेरिनचा, म्हणजे दारुहळदीतल्या मुख्य घटकाचा, पिवळा ठिपका असा लख्ख उजळला की खरं सांगते, बरं वाटलं. दारुहळद तरी खोटी नव्हती. ज्युनियर म्हणाला, "मॅडम, झालं की!" या पोरांना एक उत्तर मिळालं की प्रश्न संपला असं वाटतं.

मग एलसी-एमएस, हे यंत्र घटक वेगळे करून प्रत्येक रेणूचं वस्तुमान सांगतं. त्यावर ३३६ ला बर्बेरिन आलंच. पण आणखी एक पीक होतं, ४९४ ला, आणि शेजारी ४९६ ला त्याच्या साधारण एक तृतीयांश उंचीचं. हे तीनास एक दिसलं की रेणूत क्लोरीन आहे हे मी झोपेतही सांगेन, आणि दारुहळदीत ते शोधून सापडायचं नाही. ग्लिबेनक्लामाइडचं स्टँडर्ड, म्हणजे शुद्ध नमुना, चालवलं. यंत्रातून बाहेर पडायची वेळ जुळली, रेणू फुटून होणारा ३६९ चा तुकडाही जुळला. म्हणजे ग्लिमेपिराइडच्याच कुळातलं दुसरं औषध, नकळत, रोज.

ज्युनियरने सॅम्पल वरवरचंच घेतलं होतं. मी वर, मध्ये, तळाशी असं तीन ठिकाणचं काढायला लावलं. ग्लिबेनक्लामाइड चमच्यामागे वर २ मिलिग्रॅम, मध्ये ३, तळाशी ९! गोळी येते अडीच किंवा पाचची. भरड चूर्णातून बारीक औषध खाली झिरपलेलं. महिनाभर काही झालं नाही आणि डबा संपत आल्यावर झालं, ते बहुधा यामुळेच.

बर्बेरिन भरलं चमच्याला १५ मिलिग्रॅम. ज्या चाचण्यांत त्याने साखर उतरवली, तिथे दिवसाला एक ते दीड ग्रॅम दिलं होतं, आणि त्यातलंही आतड्यातून रक्तात फार थोडं पोचतं.

वनस्पतींशी माझं वैर नाही. मधुमेहाच्याच औषधांचं बघा: मेटफॉर्मिनचा माग काढला तर गॅलेगा नावाच्या वनस्पतीतल्या गॅलेगिनपाशी पोचतो, डापाग्लिफ्लोझिनचा सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरिझिनपाशी. पण गॅलेगिन विषारी निघालं, फ्लोरिझिन आतड्यातच मोडतं. त्यातून माणसाला देता येईल असं औषध काढायला दशकं गेली. इथे कुणीतरी गोळ्या कुटून मोकळा झाला. तेही नीट न ढवळता.

रिपोर्ट गेला, डॉक्टरांचा फोन आला. रुग्ण सावरलेत.

"मुलगा विचारतोय, त्या पावडरीने साखर इतकी छान राहिली होती, तर नुसती दारुहळद आणून दिली तर चालेल का?"

मी १५ चा आकडा पुन्हा वाचून दाखवला.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "त्याला नाही पटायचं हे."