तुम्ही विचारलंत म्हणून: टोस्टातला दोष गव्हातच कमी करता येईल का?

बियाण्याच्या कामाने निपाणी, चिक्कोडी, खानापूर असं कुठंही गेलो की हा प्रश्न येतोच: "टोस्ट-बिस्किटांत कॅन्सरचं कायतरी असतंय म्हणे, मग गव्हाची जातच तशी का काढत नाही तुम्ही?" प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर आशेचं आहे.

त्या पदार्थाचं नाव ॲक्रिलामाइड. भाजलेल्या-तळलेल्या खाण्यात तो असतो हे स्वीडनमध्ये २००२ साली जाहीर झालं. तो कुणी मिसळत नाही. दाण्यात ॲस्परॅजिन नावाचं सुटं अमिनो आम्ल असतं. साधारण १२० अंशांच्या वर साखरेशी त्याची गाठ पडली की खमंग वास आणि तांबूस रंगाबरोबर ॲक्रिलामाइडही तयार होतं. पाण्यात शिजणाऱ्या खपली गव्हाच्या हुग्गीला, म्हणजे खिरीला, ही भीती नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोग दिसला. माणसांबाबत पुरावा तितका पक्का नाही. पण वजनाच्या मानाने हे सर्वांत जास्त जातं ते मुलांच्या पोटात, आणि चहात बुडवलेला टोस्ट हाच आपल्याकडे कितीतरी मुलांचा नाष्टा. म्हणून हा प्रश्न मला बाजूला सारवत नाही.

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन संस्थेत नायजेल हॅल्फर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाण्यात ॲस्परॅजिन बनवणारं एक जनुक क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने बंद पाडलं. २०२१ मध्ये तो गहू शेतात पेरला गेला आणि दाण्यातलं ॲस्परॅजिन निम्म्याच्या आसपास उतरलं. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: काही गव्हांत या जनुकाची एक प्रत मुळातच नसते. म्हणजे साध्या निवडीने आणि संकरानेही काही पल्ला गाठता येईल. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने खपलीच्या सुधारित जाती दिल्या आहेत. जात निवडताना उतारा आणि तांबेरा रोग पाहतात, तसं ॲस्परॅजिनही पाहिलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

जात हाती येईपर्यंत थांबायचं कारण मात्र नाही, कारण निम्मा खेळ जमिनीत आहे. गंधक कमी पडलं की रोपाला गंधकाची प्रथिनं बांधता येत नाहीत. मग मुळांनी घेतलेलं नत्र ॲस्परॅजिनच्या रूपात दाण्यात साठून राहतं. गंधकाची टंचाई तीव्र असेल तर ते कित्येक पटींनी वाढतं. आपण युरिया आणि डीएपी या खतांवर भर देतो, आणि त्या दोन्हींत गंधक नाही. युरिया वाढवत नेला आणि गंधक दिलंच नाही, तर पीक हिरवंगार दिसतं, पण दाणा बेकरीच्या दृष्टीने बिघडतो.

म्हणून माती तपासायला देताना गंधकही तपासून घ्या. कमी निघालं तर पेरणीला सिंगल सुपर फॉस्फेट द्या, त्यात सुमारे ११ टक्के गंधक असतं. पण त्यात डीएपीसारखं नत्र नसतं, तेव्हा त्याच्यासाठी डीएपी बंद केलात तर नत्राचा हिशेब वेगळा लावावा लागेल.