ठिपके

सोमवार, रात्री साडेअकरा

दुपारी दोनच्या सुमारास पाळणाघरातल्या काकूंचा फोन. "ताई, बाळाच्या हातापायांवर लाल पुळ्या उठल्यात. बाकीची पोरं आहेत, लवकर न्यायला याल का?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, इथे लिहून ठेवते. शनिवारी रात्री धाकट्याला ताप होता. रविवारी दिवसभर चढ-उतार. मी म्हटलं, दोन वर्षांचा झालाय, दाढा येत असतील, लाळ तर गळतेच आहे. आज पहाटे अंग पुन्हा कोमट लागलं. सहाला तापाचं औषध पाजलं, सातला अंग गार, साडेसातला त्याला काकूंच्या कडेवर देऊन मी डोंबिवली स्टेशनकडे पळाले. ऑफिसात ऑडिट होतं. "रात्री नीट झोपला ना?" काकूंनी विचारलं, आणि मी हो म्हटलं.

डॉक्टरांनी टॉर्च मारून तोंड बघितलं, मग तळहात, तळपाय, गुडघे, लंगोट सोडून ढुंगण. दोन मिनिटांत निकाल: हँड-फूट-माउथ. पावसाळ्यात येतोच म्हणाले, या आठवड्यातला माझ्याकडचा हा सहावा. कॉक्सॅकी नावाच्या विषाणूमुळे होतो, अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, सात ते दहा दिवसांत आपला आपण जातो. तापाला पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. जिभेवर आणि घशात फोड आहेत, त्यामुळे जेवणार नाही, तिथे हट्ट करू नका. पण पातळ पोटात गेलंच पाहिजे. लघवी किती वेळा होते ते मोजा. तिखट, आंबट, खारट बंद. गार द्या. दूध, पेज, आइस्क्रीमसुद्धा चालेल.

"आइस्क्रीम?" माझ्या मागून थोरलीचं डोकं पुढे आलं.

ती आज शहाण्यासारखी वागली. दवाखान्यात दीड तास बसून होती, पाणीसुद्धा मागितलं नाही.

मंगळवार, पहाटे चार

ताप १०२. ड्रॉवरमध्ये पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या. एका कंपनीची, एका रंगाची खोकी. एकीत पाच मिलीला १२५, दुसरीत २५०. डॉक्टरांनी तीन मिली सांगितलं ते २५० वालीचं. मोबाइलच्या उजेडात डोळे बारीक करून तीनदा वाचलं तरी खात्री होईना, शेवटी नवऱ्याला उठवून वाचायला लावलं. आता एका बाटलीवर मार्करनं भलामोठा फुलीचा शिक्का मारलाय.

मंगळवार, रात्री

रजेचा हिशोब. माझ्या किरकोळ रजा दोन उरल्यात आणि जुलै अजून संपायचाय. नवऱ्याच्या चार आहेत, पण त्याचं क्लायंटबरोबर काहीतरी सुरू आहे. ते 'काहीतरी' दर वेळी असतंच, आणि माझं ऑडिट कसं कोण जाणे 'काहीतरी'त धरलं जात नाही. भांडण झालं नाही. भांडायला दोघांनाही मुलं झोपलेली लागतात, आणि ती झोपली तेव्हा आमच्यात त्राण नव्हतं. आज तो घरी राहिला, उद्या मी. कराडला सासूबाईंना फोन केला, त्या उद्या सकाळच्या एसटीनं निघतायत.

फोन आधी सासऱ्यांनी उचलला होता. हँड, फूट, माउथ असा एकेक शब्द सावकाश ऐकून घेतला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, "म्हंजे लाळ्या-खुरकूत? माणसाला?" आठवड्यातलं माझं पहिलं हसू. त्यांना सांगितलं की तो गुरांचा आजार निराळा, विषाणू निराळा, गोठ्यातून पोराला येत नाही आणि पोराकडून गोठ्यात जात नाही. "बरं," म्हणाले, पण त्यांचा विश्वास बसलेला नाही. आता महिनाभर ते आपल्या म्हशीला लांबूनच बघतील.

सोसायटीच्या आयांच्या ग्रुपवर मात्र याचा 'टोमॅटो फ्लू' झालाय. २०२२ मध्ये केरळात मुलांना आला होता तेव्हाच्या बातम्यांच्या लिंका फिरतायत. तेव्हाही तपासात बहुतेक हाच, कॉक्सॅकीच निघाला होता. नाव तेवढं लाल लाल फोडांवरून पडलेलं. मी लिहायला घेतलं आणि पुसलं. रविवारचा ताप लपवून मूल पाळणाघरात सोडणाऱ्या बाईनं कुणाला शहाणपण शिकवू नये.

काकूंना मात्र संध्याकाळी फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सगळेच करतात हो ताई. पण सांगत जा." थोरलीच्या शाळेतही कळवलं. तिला काही नसेल तर पाठवा म्हणाले, बाई रोज दारात हात तपासतील.

थोरलीनं आज स्वतःचं दप्तर स्वतः भरलं. फार शहाणी पोरगी आहे.

बुधवार

सासूबाई दुपारी तीनला पोचल्या. पिशवीत इंद्रायणी तांदूळ, तूप, कोरड्या कपड्यांत गुंडाळलेली अंडी. पदर खोचून थेट बाळाजवळ. "कांजिण्या आहेत या." नाहीत म्हटलं. "मग गोवर." गोवराची लस दोन्ही वेळा झालीये म्हटलं. "मग दृष्ट." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, मोहऱ्या गॅसवर तडतडल्या, घरभर वास. माझा विश्वास नाही. तरी त्या ओवाळत होत्या तेव्हा मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि हात जोडून उभी राहिले.

खरी ठिणगी आइस्क्रीमवरून पडली. तापल्या पोराला आइस्क्रीम? त्यांच्या तीन पोरांना कधी गार पाणी दिलं नाही. मी डॉक्टरांचं नाव सांगितलं, त्यांनी डॉक्टरांचं वय विचारलं. शेवटी पाच वाजता, सकाळपासून जेमतेम अर्धी वाटी पेज पोटात गेलेल्या पोरानं, व्हॅनिलाचा अख्खा कप संपवून चमचा चाटला, तेव्हा त्याच म्हणाल्या, "दे अजून."

थोरली दारात उभी होती. तिलाही हवंय का विचारेपर्यंत आजी म्हणाली, "तुला खोकला होईल गं, ताई ना तू?" ती आत गेली. मी लंगोट बदलत होते. विष्ठेतून हा विषाणू कितीतरी आठवडे बाहेर पडत राहतो आणि नुसत्या सॅनिटायझरला दाद देत नाही, म्हणून दर वेळी कोपरापर्यंत साबण. हात धुवून येईपर्यंत तो विषय डोक्यातून गेला होता.

गुरुवार, रात्री बारा

सकाळी सव्वाअकराला शाळेतून फोन. "तिच्या हातावर पण आलंय. घेऊन जा."

आजी धाकट्याला सोडून कशी जाणार, नवरा अंधेरीला. साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली, ती हो होती की कंटाळा, कळलं नाही. ठाण्याहून फास्ट चुकली. स्लो मिळाली. दुपारच्या उलट्या गाडीत बसायला जागाच जागा, आणि मला बसवेना. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, प्रत्येक स्टेशनला मनात नवीन हिशोब. आणखी दहा दिवस. संपलेली रजा. पुन्हा दोन बाटल्या, हिचं वजन सतरा, मग किती मिली.

शाळेच्या ऑफिसात एका लाकडी खुर्चीवर ती एकटी बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. बाई लांबूनच म्हणाल्या, "सकाळी दारात हात अगदी स्वच्छ होते हो. छोट्या सुट्टीनंतर बघते तर हे." डाव्या तळहातावर सात-आठ लाल ठिपके. दोन्ही गुडघ्यांवर चार-चार. तोंड गोरंमोरं. मी कपाळाला हात लावला, गार. म्हटलं, आता नाही, पण संध्याकाळपर्यंत चढेल.

रिक्षात बसलो. प्लास्टिकच्या पडद्यातून पाऊस आत येत होता. तिच्या गुडघ्यावर थेंब पडला आणि ठिपका ओघळला. लाल रेघ पिंडरीवरून मोज्यापर्यंत गेली.

मी तिचा उजवा तळहात उलटा केला. कोरा. अर्थातच कोरा. ती उजव्या हातानं लिहिते.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि वेग कमी केला. ती रडली नाही. बोट पाण्यात भिजवून दुसरा ठिपका पसरवत म्हणाली, "मला पण झालंय. थोडंसंच."

घरी आल्यावर तिच्याशी दोन तास बोलले नाही. ऑफिसला परत जाण्यात अर्थ नव्हता, आणि घरी असण्याचं कारण संपलेलं. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो इतका हसला की मी फोन ठेवून दिला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. भांडी विसळत पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हिचा बाप चार वर्षांचा होता. धाकटी आत्या झाली, तेव्हा महिनाभर लंगडत होता. हाडवैद्याकडं नेला. पायाला काही नव्हतं."

मग मी ही वही काढली. सोमवारपासूनची पानं वाचली. औषधाचे मिली, लघवीची गणती, आइस्क्रीमचा कप, म्हैससुद्धा आहे. थोरलीच्या वाट्याला इन-मिन चार ओळी, आणि दोन ठिकाणी तोच शब्द: शहाणी. पाच वर्षांची आहे ती. तीन वर्षांची होती तेव्हापासून ताई आहे. बाई सकाळी दारात हात बघून म्हणत असणार, "छान, काही नाही तुला, जा आत." घरीही आम्ही चौघं मिळून तिला रोज हेच सांगत होतो.

संध्याकाळी स्केचपेन काढायला बसलो. साबणानं जाईना, मग खोबरेल आणि कापूस. गुडघे झाले, तळहात झाला. शेवटच्या ठिपक्याशी तिनं मूठ मिटली. "एक राहू दे."

राहू दिला.

आजी शेजारी येऊन बसली आणि पोलक्याची बाही वर करून दंड दाखवला. देवीच्या लसीचा व्रण, रुपयाएवढा, आत सुरकुतलेला. "आमच्या शाळेत आले होते लसवाले. चक्री फिरवायचे कातड्यावर. मी पळाले, तर मास्तरांनी धरून आणली." थोरलीनं त्याच्यावरून बोट फिरवलं. मग माझी बाही ओढली. माझ्याकडे तो नाही. १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला, मी जन्मले तोवर ती लस कुणी टोचत नव्हतं. माझा बीसीजीचा, लहानसा. तिचा चेहरा पडायला लागला. आजीला आहे, आईला आहे, भावाला तर अंगभर आहेत.

"तुझा बघितलास का कधी?" मी म्हटलं.

तिचा डावा दंड आरशासमोर धरला. हरभऱ्याच्या डाळीएवढा, जरा फिकट. तिला तो माहीतच नव्हता. मग सगळं सांगावं लागलं. तू जन्मलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी टोचली. काहीच नव्हतं तिथं. सव्वा महिन्यानं फोड आला, पिकला, फुटला. मला कुणी सांगितलं नव्हतं की असंच व्हायचं असतं. मी रात्री दोनला आजीला, म्हणजे माझ्या आईला, फोन करून रडले होते. मग? मग डॉक्टर म्हणाले, काही लावू नका, हात लावू नका. मग? मग मी रात्रभर तुझा हात धरून बसले, तू खाजवू नयेस म्हणून. बाळ कुठे होतं? बाळ नव्हतंच. बाबा? बाबा झोपला होता. हे तिला फार आवडलं. तीनदा सांगायला लावलं, आणि तिसऱ्या वेळी बाळ कुठे होतं हे विचारताना आधीच हसायला लागली.

आइस्क्रीम दिलं. आजी काही बोलली नाही.

शुक्रवार

ताप नाही. धाकट्यानं चार घास मऊ भात खाल्ला. उद्याचा मोर्चा थोरलीचा: तिला माझ्याबरोबर एकटीला फडके रोडवर जायचंय. कशाला ते ठरलेलं नाही.

ऑगस्टचा शेवट

धाकट्याच्या हाताची दोन नखं मुळापासून सुटायला लागली. धावत दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, होतं असं, हा आजार होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी काही मुलांची नखं गळतात, खाली नवीन येतात, दुखत नाही. धाकट्याला पत्ताही नाही.

थोरली मात्र तेव्हापासून रोज सकाळी ब्रश करायच्या आधी स्वतःची दहाही नखं एकेक करून ओढून बघते. अजून एकही हललेलं नाही, असं आज जरा नाराजीनंच सांगून गेली.